संताच्या कड्यावरचा परकर

मी परकर बोलतेय. हो, तोच, आत्ता तुझ्या कमरेला गुंडाळलेला. हसू नको, पोरी. मी सांगणार आहे त्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. नाही मानणार तू, लाव पैज. विटक्या कापडाचं कोण ऐकतंय! पण अख्खं एक वर्ष मी संताच्या गुहेपुढे कड्यावर फडफडत होते, आणि माझ्यामुळे खुर्चीत रुतलेला एक माणूस उठून चालायला लागला. गेली ना भुवई वर? म्हटलं नव्हतं!

आधी नाडी नीट बांध. दोन वेढे घे. इथे वारा दरीतून सरळ वर येतो, आणि खरं सांगू, मी पहिल्यापासून वाऱ्याच्या बाजूची.

लोक मला 'तो परकर' म्हणतात. म्हणू देत. बावीस वर्षं बायकांच्या कमरेला राहिले, आता मी बाईच.

जन्माने मी पडदा. याच ख्रिस्ती जोगिणींच्या मठात, पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीला होते. डाळिंबी रंग, पांढरी फुलं. समोरच्या सुळक्यावर गिधाडं घरटी करायची, त्यांची भांडणं बघत माझं बरं चाललं होतं. मग एक दिवस उंदरांनी मला खालून कुरतडलं. मोठ्या आई, म्हणजे इथल्या मुख्य जोगीणबाई, म्हणाल्या, टाकून द्या. सिस्टर थिओक्तिस्ती म्हणाली, टाकते कशाला! तिनं मला काखोटीला मारलं, कात्री आणली, कुरतडलेलं कापलं, वर दोन लांब नाड्या लावल्या. झाला परकर.

ती बघ, दाराशी बसलीय ती थिओक्तिस्ती. एवढीशी बाई, पण तिच्यापुढून पँट घातलेली एक बाई आत जाऊन दाखवेल तर शपथ. मठाचा नियम आहे, बाईनं परकर नेसूनच आत यायचं. ज्यांच्याकडे नसतो त्यांना आम्ही. खुंटीवर बारा जणी आहोत. थिओक्तिस्ती आमच्याशी बोलत असते. जोगिणींनी फार बोलू नये म्हणतात, पण कपड्यांशी बोललेलं कुठे मोजतात?

बावीस वर्षांत किती कमरा झाल्या, विचारू नको. एक सांगते, बाई कशी आहे ते मला नेसताना कळत नाही, सोडताना कळतं. कुणी चार घड्या घालून ठेवते. कुणी बोळा करून फेकते. कुणी घाईत तशीच निघते, मग थिओक्तिस्ती पायऱ्यांवरून ओरडत तिच्यामागे. आणि नेसताना जी नाक मुरडून म्हणते, "शी, हे फडकं?" तिची नाडी बरोबर मेणबत्त्यांपाशी सुटते. दोन्ही हातांत मेणबत्त्या, आणि मी घोट्यापाशी! कशी सुटते, देव जाणे. मीपण जाणते.

आता मुद्द्याचं.

खाली कास्त्राकी गाव आहे ना, तिथली आसिमो. सत्तरीला टेकलेली, काळा डगला, काळे मोजे. दर शनिवारी पूजेचे पाव भाजून आणते. शिक्का मारलेले, गोल, अजून कोमट. दोनशे पायऱ्या चढते आणि दाराशी थिओक्तिस्तीजवळ बसते. साखरेत घोळवलेली वडी खायची, पाणी प्यायचं आणि नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची. खुंटीवरून मला सगळं ऐकू यायचं.

नवरा झिसिस. गावाला लागून एक सरळसोट कडा आहे, त्याच्या पोटात संत योर्गींची गुहा. घरात कुणी आजारी पडलं की लोक संताला रुमालाचा नवस बोलतात. वर्षातून एकदा, सणाला, गावचे गडी दोरानं वर चढतात, गेल्या सालचे रुमाल सोडतात, नवे बांधतात. सोडलेले रुमाल तुकडे करून घरोघरी नेतात. झिसिस बत्तीस वर्षं त्या कड्यावर चढला. पालीसारखा चिकटायचा म्हणे. बायकोच्या बहिणीचा मुलगा स्टेर्योस, त्यालाही यानंच शिकवून तयार केलं. आणि असा हा माणूस स्वयंपाकघरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं.

"शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं," आसिमो सांगत होती. "डॉक्टर म्हणतात, आजोबा, चाला. हा म्हणतो, दुखतं."

"मग दुखत असेल," थिओक्तिस्ती म्हणाली.

"कसलं दुखतंय! परवा मांजरानं टेबलावरचं सॉसेज पळवलं, तर हा निम्मा उभा राहिला होता. मी बघतेय म्हटल्यावर परत बसला."

"मग झालंय काय?"

"लाज, सिस्टर, लाज. दाराबाहेर पाऊल टाकलं की तो लांब्रोस विचारणार, काय झिसिस, किती उंच होता रे तुझ्या स्वयंपाकघरातला कडा? जन्मभर दोघं एका दोरावर चढले आणि जन्मभर एकमेकांचे पाय ओढले. त्याच्या भीतीनं चार महिने खिडकीत बसलाय." आसिमोनं डोळे पुसले. "डॉक्टरनं सांगितलंय, उन्हाळ्यापर्यंत पाऊल टाकलं नाही तर पाय कायमचा आखडेल. मग बसा म्हणे जन्मभर. मी रुमाल बोललेय संताला. तो उठून चालू दे एवढंच."

रुमाल तिच्या लग्नातला. डाळिंबी. पांढऱ्या फुलांचा.

हं. आली ना तुझ्या ध्यानात गोची?

सणाआधी तीन दिवस रुमाल इथे वेदीखाली ठेवला. आसिमोच्या घरची रीत अशी, की देवापुढे ठेवलेला रुमाल एकदम कड्यावरच उलगडायचा. मध्ये कुणी उलगडला तर नवस सांडतो. म्हणून घडी मोडायची नाही, बघायचंसुद्धा नाही.

शनिवारी ती न्यायला आली. थिओक्तिस्तीनं रुमाल आतून आणून बाकावर ठेवला. तेवढ्यात दोन बस एकदम आल्या. चाळीस बायका, त्यातल्या तीस पँटीत. सगळ्यांची घाई, सगळ्यांचे हात पुढे. मी त्याच बाकावर होते, नुकती इस्त्री करून घडी घातलेली. थिओक्तिस्ती एका हातानं परकर वाटतेय, दुसऱ्या हातानं कागदात रुमाल बांधतेय, तोंडानं "ताई, खांदे झाका" चाललंय. आणि आसिमोला चष्म्याशिवाय दिसत नाही. मठात ती चष्मा लावत नाही. म्हणते, देवाच्या दारात चष्मा लावला तर त्याला वाटेल, आपलं काम बिघडलं.

थिओक्तिस्तीच्या हाताला मी लागले. मी नाड्या पोटात घेतल्या आणि गप्प पडले.

खरं सांग, तू काय केलं असतंस? वीसेक वर्षं तेच दार, तीच खुंटी. बाहेर जायची एक संधी!

सणाच्या दिवशी स्टेर्योसच्या पिशवीतून मी कड्यावर गेले. खाली सगळं गाव, मंत्र, धूप, कोकराच्या मांसाचा वास. वर दोरावर स्टेर्योस आणि त्याचा जोडीदार. स्टेर्योसनं कागद फाडला, घडी झटकली. मी खाली सुटले ते गुडघ्याएवढी लांब, दोन नाड्या लोंबत.

"अरे, हा परकर आहे!" जोडीदार म्हणाला.

स्टेर्योसनं मला उलटंपालटं करून बघितलं. "मावशीनं परकर बोलला असेल."

"संताला? परकर?"

"नवस तिचा आहे. कुणी काय बोलावं हे आपण विचारायचं नसतं. बांध."

हे कास्त्राकीचेच लोक करू जाणोत. दुसरीकडे कुणीतरी खाली वाकून विचारलं असतं. इथे दुसऱ्याच्या नवसात तोंड घालत नाहीत. गुहेपुढच्या दोराला मला बांधलं. शंभर चिमुकल्या रुमालांत मी एकटी एवढी ऐसपैस. वारा आला आणि मी अशी फुलले, अशी फुलले!

खाली आसिमोनं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. शेजारीण फानी तिच्या कानाशी वाकली. "आसिमो, तुझा कोणता ग?"

"डाळिंबी. फुलांचा."

"तो? अग बाई. तू नवऱ्यासाठी नवस बोललीस की घराच्या खिडक्यांसाठी?"

आसिमोनं पिशवीतून चष्मा काढला. लावला, पुसला आणि परत लावला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आसिमो स्टेर्योसकडे धावली. बदल म्हणाली. तो म्हणाला, "मावशी, दोर उतरवले. आता पुढच्या साली. वर जे गेलं ते वर." मग ती मठात आली. पुढचं मला थिओक्तिस्तीनं नंतर सांगितलं. तो खरा रुमाल इकडे एका उंचनिंच बाईनं कमरेला गुंडाळायचा प्रयत्न केला होता, तो काही केल्या पुढे येईना, तेव्हा थिओक्तिस्तीच्या डोक्यात प्रकाश पडला. दोघी दाराशी अशा भांडल्या, की मोठ्या आई प्रार्थना सोडून बाहेर आल्या.

"माझा नवस फुकट गेला!" आसिमो रडत होती. "संताला मी फसवलं. आता हा उठायचा नाही."

मोठ्या आई म्हणाल्या, "संताला कापडातला फरक कळतो ग. तुझ्या पोटातलंही कळतं. रुमाल इथे ठेव. पुढच्या वर्षी बांधू."

"पुढच्या वर्षीपर्यंत पाय राहील का?"

मोठ्या आईंनी रुमाल उचलला आणि परत वेदीखाली नेऊन ठेवला.

आता मी वर काय करत होते ते ऐक. झिसिसचं घर गावातलं शेवटचं, कड्याला पाठ लावून. त्याचं धुराडं माझ्या बरोबर पायाशी. कड्याखालचं बोलणं वर फार स्वच्छ येतं, आणि झिसिस दिवसभर खिडकीत. मला बघायचा. तोंड वाकडं करून बघायचा. मला वाटलं, फुलं आवडली नसतील. नाही. तो गाठ बघत होता.

स्टेर्योसनं माझी उजवी नाडी चांगली बांधली होती. डावी घाईत. मी वाऱ्याला म्हटलं, बघू या का? अकरा दिवस आम्ही दोघं त्या गाठीला लागलो होतो. बाराव्या दिवशी ती ढिली झाली आणि माझा डावा कोपरा कड्यावर आपटायला लागला. फट्. फट्. फट्. झिसिसच्या डोक्यावर, दिवसभर.

"स्टेर्योस!" खिडकीतून ओरडायचा. "हीच गाठ शिकवली का रे तुला मी?" स्टेर्योस शेतावर. ऐकणार कोण?

मग रविवारी चर्च सुटल्यावर लांब्रोस काठी टेकत कड्याखाली आला. मुद्दामच आला. हात कपाळावर धरून वर बघितलं आणि गावाला ऐकू जाईल असा बोलला.

"झिसिस! ए झिसिस! तुझ्या बायकोचा परकर सुटत चाललाय!"

खिडकीतून उत्तर आलं, "माझ्या बायकोचा नाही तो!"

"मग कुणाच्या बायकोचा? हे तर त्याहून वाईट!"

चर्चहून परतणारे चारपाच जण थांबले. फानी तर टोपली खाली ठेवूनच उभी राहिली.

"आणि गाठ कुणाची रे ती? तुझ्या चेल्याची ना?" लांब्रोस काही सोडायला तयार नव्हता. "गुरू स्टुलावरून पडतो, चेल्याची गाठ सुटते. वा रे घराणं!"

झालं. शब्द बाहेर पडला. स्टूल.

मी आपटायची थांबले. जो शब्द ऐकायला नको म्हणून त्या माणसानं पाच महिने स्वतःला कोंडून घेतलं होतं, तो भर रविवारी, गावासमोर, कानावर पडून गेला होता. आता घरात बसून वाचवायचं काय राहिलं?

खिडकी रिकामी झाली. आत खुर्ची करकरली. मग दार उघडलं, आणि चार पायांचा वॉकर ढकलत झिसिस अंगणात आला. अर्ध्या चड्डीत, पायांच्या काड्या झालेल्या. एक पाऊल, थांब, शिवी. एक पाऊल, थांब, शिवी.

"लांब्रोस, गाढवा," तो म्हणाला, "इकडे ये. तुझ्या बापाला गाठ मारता येत नव्हती, तू मला शिकवतोस?"

त्यानं कपडे वाळत घालायची दोरी खुंटीवरून ओढली. वॉकरच्या दांडीला वेढा दिला. "असा एक. असा खालून. मग हा ओढायचा. बघतोयस का? मग वाऱ्याच्या बापाला सुटणार नाही."

"परत दाखव," लांब्रोस म्हणाला. त्याला येत होती ती गाठ. बत्तीस वर्षं तोही तीच मारत होता.

झिसिसनं परत दाखवली. आसिमो पातेलं हातात घेऊन दारात आली होती. तिनं बघितलं. नवऱ्याचे दोन्ही हात दोरीवर होते. वॉकरला एकही हात नव्हता. तो उभा होता, आपल्या दोन पायांवर, भांडणाच्या नादात.

ती काही बोलली नाही. शहाणी बाई. बोलली असती तर तो लगेच बसला असता. आत गेली आणि भांडी जोरजोरात आपटायला लागली, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये.

त्या दिवसापासून लांब्रोस रोज यायचा आणि झिसिसला रोज काहीतरी चूक दाखवायचा. आधी अंगणात. मग फाटकाशी. मग कॉफीच्या दुकानापर्यंत. "दुकानात ये, तिथे सगळ्यांपुढे सांगतो तुझी अक्कल," म्हणायचा, आणि झिसिस तणतणत जायचा. तिथे पोचला की लांब्रोस खुर्ची पुढे सरकवायचा आणि दोन पेले मागवायचा. वरून सगळं दिसायचं मला. वॉकर गेला, काठी आली. उन्हाळा उलटला तरी पाय आखडला नाही.

आसिमो म्हणते, संताचं देणं. मोठ्या आई म्हणतात, मित्राचं. डॉक्टर म्हणतो, व्यायामाचं. गाठ कुणी सोडली ते मात्र कुणी विचारत नाही. जाऊ दे. मी काही हट्ट धरत नाही.

पाऊस खाल्ला, बर्फ खाल्लं, ऊन तर किती! पुढच्या सणाला स्टेर्योस मला घ्यायला वर आला, तेव्हा डाळिंबी रंग पार उडून मी अशी आंब्याच्या सालीसारखी झाले होते. आसिमोनं या वेळी रुमाल सगळ्यांसमोर भराभरा उलगडला, दोन्ही बाजूंनी बघितला, फानीला दाखवला, आणि मगच वर पाठवला. "सांडला तर सांडू दे," म्हणाली. खालून झिसिस ओरडत होता, "डावी आधी! डावी!"

खाली आल्यावर सगळ्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. सोडलेलं कापड वाटून घ्यायची रीतच आहे. फानीनं तर कात्री आणलेली. मला घाम फुटला. पण झिसिस मध्ये आला. "हे संताचं नाही, सिस्टरचं आहे. उधारीचं. जिथलं तिथे जाणार. आणि मी स्वतः नेणार."

"तू?" आसिमो म्हणाली. "दोनशे पायऱ्या आहेत."

"मला माहीत नाही होय?"

आज नेतो, उद्या नेतो करत जून उजाडला. रोज संध्याकाळी तो चर्चच्या पायऱ्या चढून-उतरून बघायचा. मग एका सकाळी मला खांद्यावर टाकलं आणि निघाला. प्रत्येक वळणावर बसला. प्रत्येक वळणावर आसिमो म्हणाली, "बास झालं, इथून मी नेते." प्रत्येक वळणावर तो उठला. त्याच्या मानेचा घाम माझ्यात मुरत होता. शेवटच्या वीस पायऱ्यांना त्यानं शिव्या द्यायचंही बंद केलं. तेव्हा मला भीती वाटली बघ.

पण पोचला. दाराची चौकट धरून उभा राहिला.

थिओक्तिस्तीनं त्याला खालून वर बघितलं. "या, झिसिस. पण आत नाही."

"का?"

"गुडघे उघडे आहेत."

ऑपरेशन झाल्यापासून पूर्ण विजार चढवताना खुबा दुखायचा, म्हणून तो अर्ध्या चड्डीतच असायचा. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सिस्टर, दोनशे पायऱ्या चढून आलोय!"

"मीपण रोज चढते. नियम म्हणजे नियम."

"पुरुषांसाठी विजार असेल ना एखादी?"

"होती. एक जण घालून गेला, परत आलाच नाही." थिओक्तिस्तीनं त्याच्या खांद्यावरच्या माझ्याकडे बोट दाखवलं. "हा आहे की."

आसिमोनं तोंडावर हात दाबला. झिसिसनं तिच्याकडे बघितलं, दरीकडे बघितलं. कुणी लांब्रोस तर नाही ना बघत? मग निमूटपणे मला खांद्यावरून काढलं आणि कमरेला गुंडाळलं. नाडीची गाठ स्वतः मारली. काय गाठ होती! मला हलतासुद्धा येईना.

असे आम्ही दोघं आत गेलो. हजारो कमरा बघितल्या मी, पण तसली नाही. खुब्यात बारीक थरथर होती, चढून आलेल्या माणसाची. पण प्रत्येक पाऊल पडत होतं. काठी त्यानं दाराशीच ठेवली होती. मेणबत्ती लावायला गेला, दोन्ही हात पुढे केले. माझ्या मनात आलं हं, सवयच ती. पण म्हटलं, आज नको. आज मी धरून राहते.

आता मी परत खुंटीवर. रंग गेलाय, कड विरलीय, थिओक्तिस्तीनं खालून चार बोटं कापून नवी कड घातलीय. गावच्या बायका आल्या की नेमकी मलाच मागतात, "तो विटका द्या." थिओक्तिस्ती चिडते, "अंधश्रद्धा!" म्हणते आणि मलाच काढून देते. माझं बरं चाललंय, पोरी. परत येशील तेव्हा परकर नेसून येऊ नको. पँट घालून ये, म्हणजे मला कंबर मिळेल.

बघ, तुझी माणसं पायऱ्यांवर हाका मारतायत. सोड ती नाडी. बोळा नको करू, घडी घाल. हं, अशी. टांग मला खुंटीवर.

आणि नीघ आता.